बी.एड.चे सूक्ष्म पाठ, रात्री नऊची बैठक आणि आम्ही पाचजण

आमची बी.एड.ची बॅच २०२०-२२ची, म्हणजे कोरोनाच्या टाळेबंदीतली; बरंचसं शिक्षण घरून, ऑनलाइन झालं. गुणपत्रिका हातात आली, कॉलेजचा दाखला काढून झाला, आणि आता धाकट्या बॅचच्या मुलामुलींचे मेसेज येतात: ताई, सूक्ष्म पाठ घरच्या घरी कसे करायचे? टाचण कुणाला दाखवायचं? गट लांबलांबच्या गावांत विखुरलाय, सराव कसा करायचा? (सूक्ष्म पाठ म्हणजे शिकवण्याच्या एकेका कौशल्याचा काही मिनिटांचा सराव पाठ, आणि टाचण म्हणजे पाठाची लेखी आखणी.) कॉलेजं आता नेहमीसारखी भरतात, पण इंटर्नशिपच्या काळात किंवा सुट्टीत सगळे पांगतातच. म्हणून आमचं कसं झालं ते पहिल्यापासून लिहिते. माझ्या अध्यापन पद्धती (म्हणजे शिकवायला घेतलेले विषय) मराठी आणि इतिहास, पण इथे मराठीबद्दलच लिहिणार आहे, कारण भाषा शिकवायला शिकणं व्हिडिओवर अवघड जाईल अशी आम्हा सगळ्यांनाच धास्ती होती.

एरवी उन्हाळ्यात होणारी बी.एड.ची सीईटी आमच्या वर्षी ऑक्टोबर २०२० मध्ये झाली. निकाल, कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या, कागदपत्रांची ऑनलाइन पडताळणी यांत नवं वर्ष उजाडलं. मी दहिवडीची, कॉलेज मिळालं साताऱ्यात. या टप्प्यावर एकच सांगते: जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला हे सीईटीचा फॉर्म भरतानाच काढायला टाका. सेतूत गर्दी असली की तहसीलदारांची सही व्हायला पंधरवडा सहज जातो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, आणि महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या पोर्टलवर) शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना चालू दाखला लागतो. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, तेही बँकेत जाऊन विचारून घ्या. आमच्यातल्या दोघींची शिष्यवृत्ती एवढ्याच कारणाने महिनोनमहिने अडकली होती. तोवर फी उसनवारीवर भागवावी लागते, हे घरी आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तास सुरू झाले ते गुगल मीटवर. वर्गात शंभर जण, सगळ्यांचे कॅमेरे बंद, हजेरीला चॅटमध्ये रोल नंबर टाकायचा. शैक्षणिक मानसशास्त्रासारखे विषय तसेही ऐकून, टिपणं काढून होतात. पण शिकवायला शिकणं ऐकून होत नाही. सज्जता प्रवर्तन (मुलांना पाठासाठी तयार करणं), प्रश्न, स्पष्टीकरण, प्रबलन (उत्तराला शाबासकी, उत्तेजन देणं), चेतक बदल (आवाज, हालचाल बदलून लक्ष टिकवणं), फलकलेखन ही एकेक कौशल्यं कुणासमोर तरी करून दाखवावी लागतात, आणि कुणीतरी पाहून काय जमलं, काय राहिलं ते सांगावं लागतं. शंभर काळ्या चौकटींपुढे ते होणार नव्हतं. मराठीच्या मार्गदर्शक मॅडमनी पाच-पाच जणांचे गट पाडून दिले आणि सांगितलं, माझ्यासमोर पाठ घेण्याआधी गटात एकदा घेऊन या.

आमच्या गटात चिपळूणची एक मैत्रीण, शहाद्याची ताई, जतचे दादा (वयाने आमच्यापेक्षा बरेच मोठे, आधी खासगी क्लास घ्यायचे), कराडची एक नुकतीच एम.ए. झालेली मुलगी आणि मी. नेहमीचं वर्ष असतं तर आम्ही सगळे होस्टेलवर किंवा खोल्या घेऊन साताऱ्यात राहिलो असतो. आता प्रत्येकजण आपापल्या घरी होता. वेळ ठरली रात्री नऊची, कारण त्याआधी स्वयंपाक, धारा, लहान मुलं, आणि घरातला एकच मोबाइल रिकामा होण्याची वाट.

इथे एक गोष्ट आमच्या पथ्यावर पडली. सूक्ष्म अध्यापनाचं आपल्याकडे एनसीईआरटीच्या नमुन्यानुसार शिकवलं जाणारं चक्र ३६ मिनिटांचं आहे: ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (पाहणाऱ्यांनी पाठाबद्दल सांगणं), १२ मिनिटं पुनर्नियोजन, ६ मिनिटं पुन्हा पाठ आणि ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. झूमची मोफत बैठक चालते ४० मिनिटं. म्हणजे एका बैठकीत एकाचं पूर्ण चक्र बसतं आणि वर चार मिनिटं उरतात, ती जोडणी होईपर्यंत जातात. बैठक आपोआप बंद पडते, त्यामुळे गप्पांत वेळ जायचा प्रश्नच नाही. एका रात्री दोन लिंका, दोघांचे पाठ. नंतर जेव्हा प्रत्यक्ष कॉलेजात गेलो तेव्हा दिसलं की वेळेअभावी पुनर्नियोजनाची ती बारा मिनिटं बहुतेक गट गाळूनच टाकतात. पाठ होतो, दोन कौतुकाचे शब्द, की पुढचा. माझ्या मते सूक्ष्म पाठाचा सगळा जीव त्या बारा मिनिटांत आहे. त्या वेळात आम्ही कॅमेरा बंद करून टाचणात पेनने खाडाखोड करायचो आणि लगेच तोच पाठ पुन्हा घ्यायचो.

प्रत्येकाचं काम ठरलेलं असायचं. एकजण शिक्षक. दोघं विद्यार्थी, आणि विद्यार्थी म्हणजे खरोखर सातवी-आठवीतल्या मुलासारखं वागायचं, बी.एड.च्या माणसासारखं अचूक उत्तर द्यायचं नाही. एकजण घड्याळ सांभाळणार. एकजण निरीक्षण तक्ता भरणार. तक्त्यात त्या दिवशीच्या कौशल्याचेच घटक पाहायचे. प्रश्न कौशल्याचा पाठ असेल तर अक्षर कसं आहे यावर बोलायचं नाही. हे बंधन दादांनी आणलं आणि त्याने फार फरक पडला. नाहीतर भाषेच्या पाठावर बोलताना माणूस उच्चारांपासून साडीच्या रंगापर्यंत सगळ्यावर बोलतो.

रेकॉर्डिंगबद्दल थोडं सविस्तर लिहिते. सूक्ष्म अध्यापन सुरू झालं अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात, १९६३ च्या सुमारास, ड्वाइट अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून. तिथे छात्राध्यापकाचा (शिकाऊ शिक्षकाचा) पाठ व्हिडिओवर टिपून त्यालाच तो दाखवायची पद्धत होती. आपल्या कॉलेजांत पद्धत आली, पण कॅमेरा फारसा आला नाही. वहीत तक्ता भरला की झालं. टाळेबंदीने तो कॅमेरा आम्हाला आपसूक दिला. झूमच्या मोफत खात्यात मोबाइलवरून रेकॉर्डिंग होत नाही, संगणकावरूनच होतं, म्हणून बैठक नेहमी दादांच्या लॅपटॉपवरून सुरू व्हायची. पाठ झाला की ते फाइल ड्राइव्हवर टाकायचे. आपलाच पाठ दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना पाहायचा, हा नियम. तक्त्यात "प्रश्न सुटसुटीत नाहीत" असं वाचणं वेगळं आणि स्वतःचा लांबलचक प्रश्न कानांनी ऐकणं वेगळं.

एक पाठ मला अजून बारकाईने आठवतो. चिपळूणच्या मैत्रिणीचा, आठवीसाठी, व्याकरणाचा, उद्गामी पद्धतीने, म्हणजे उदाहरणांवरून नियमाकडे. तिने फळ्यावर तीन वाक्यं लिहिली: सुरेशने आंबा खाल्ला. सुरेशने पोळी खाल्ली. सुरेशने लाडू खाल्ले. मग विचारलं, "सुरेश तर तोच आहे, मग क्रियापद का बदललं?" दोन सेकंद शांतता, आणि तिने स्वतःच सांगितलं, "कर्म बदललं म्हणून, हो ना?" विद्यार्थी झालेले दोघं म्हणाले, हो. पाठ वेळेत संपला, दिसायला नेटका झाला. तक्ता माझ्याकडे होता. तिने विचारलेल्या प्रश्नांपुढे मी ती किती थांबली ते लिहिलं होतं, आणि जवळपास सगळीकडे एक किंवा दोन सेकंद होते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासून दाखवलं होतं की प्रश्नानंतर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंदांवर थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचार केलेली येतात. आम्ही तो भाग मानसशास्त्राच्या तासाला ऐकलेला होता. इथे तो आकड्यांनिशी समोर दिसला.

बारा मिनिटांनी तिने पुन्हा पाठ घेतला. तीच वाक्यं, तोच प्रश्न. या वेळी ती थांबली. व्हिडिओवर म्यूट काढायलाच माणसाला दोन सेकंद लागतात, त्यामुळे थांबणं जास्तच लांब वाटतं. पडद्यावर तिची नजर आमच्या चौकटींवरून फिरताना दिसत होती. मग दादांनी आवाज सुरू केला आणि आठवीतल्या पोराच्या थाटात म्हणाले, "बाई, खायाचा जिन्नस बदलला की." तिने ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, "जिन्नस"खाली रेघ मारली, आणि विचारलं की मग आंबा, पोळी, लाडू या तिघांना वाक्यात काय म्हणायचं. कराडच्या मुलीने सांगितलं, कर्म. कर्मणी प्रयोगाचा नियम तिथून पुढे विद्यार्थ्यांच्याच तोंडून आला. सहा मिनिटं पुरली नाहीत, नियम अर्धाच लिहून झाला, आणि तरीही तो पाठ पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला होता. त्या रात्रीपासून निरीक्षण तक्त्यात आम्ही "किती थांबले" असा एक रकाना पेनने आखून घेतला. तुम्हीही आखा. मॅडमनी तो पाहिल्यावर इतर गटांनाही सांगितला.

सगळंच काही व्हिडिओवर जमलं नाही. कवितेचा पाठ हा खरा कठीण प्रकार. शिक्षकाचं आदर्श वाचन होतं, पण मुलांकडून समूहाने म्हणवून घेणं अजिबात होत नाही, कारण प्रत्येकाचा आवाज कमीजास्त उशिराने पोहोचतो आणि लयीचा चुथडा होतो. आम्ही तोड काढली ती अशी: एकाचाच आवाज सुरू, बाकीचे म्यूटवर सोबत म्हणणार, आणि ओठांची हालचाल पाहून शिक्षक कुठे अडतंय ते ओळखणार. चाल आणि यती (ओळीत थांबायची जागा) यांचा सराव मात्र व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस मेसेजवरच झाला. एकमेकींनी म्हटलेली तीच कविता चार वेळा ऐकली की कुठे श्वास घ्यायचा ते कळतं. कविता शिकवायची असेल तर हा भाग प्रत्यक्ष वर्गासाठी राखून ठेवा, असंच मी सांगेन.

साधनांचा खर्च फार नाही. मोबाइलचा साधा स्टँड तीनेकशे रुपयांत मिळतो. फळ्यासाठी प्लायवूडच्या तुकड्याला काळा रंग मारून घेतला, तो खिडकीच्या समोर ठेवायचा, खिडकीला पाठ करून ठेवला तर अक्षर दिसत नाही. पुढच्या कॅमेऱ्यात आपल्याला आपला फळा उलटा दिसतो आणि पहिल्यांदा सगळेच घाबरतात. समोरच्यांना तो सरळच दिसत असतो. घरात दुसरा मोबाइल मिळत असेल तर एक फळ्याकडे आणि एक विद्यार्थ्यांचे चेहरे पाहायला असे दोन लावा. पाठ्यपुस्तकं विकत घेण्याची गरज नव्हती, सगळ्या इयत्तांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट आहेत. मोठा खर्च डेटाचा. जिओचा ८४ दिवसांचा रोज २ जीबीचा प्लॅन तेव्हा ५९९ रुपयांना होता, डिसेंबर २०२१ पासून तोच ७१९ झाला. दिवसा कॉलेजचे तास आणि रात्री आमची बैठक धरली तर दोन जीबी जेमतेम पुरतात, व्हिडिओचा दर्जा कमी ठेवावा लागतो.

उन्हाळ्यात शहाद्याच्या ताईने जे केलं ते मला आमच्या दोन वर्षांतलं सगळ्यात मोलाचं शिक्षण वाटतं. शाळा बंद होत्या आणि "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" या मोहिमेत तिच्या पाड्याजवळच्या शाळेचे गुरुजी ओट्यावर मुलं जमवत होते. ताई त्यांना मदत करायची. तिने गुरुजींना आणि पालकांना विचारून एक दिवस सकाळी फोन स्टँडवर लावला आणि आम्ही चौघं निरीक्षक म्हणून बसलो. मुलं पावरा आणि भिल्ल घरांतली, दुसरी-तिसरीची. तिने बाजाराचं एक मोठं चित्र पुढे धरलं आणि आधी मुलांना त्यांच्या घरच्या भाषेत बोलू दिलं. सगळी एकदम बोलायला लागली. मग एकेक गोष्ट धरून "हे मराठीत कसं सांगायचं?" अशी ती पुढे गेली. जी मुलगी शाळेत बोलतच नाही असं गुरुजींनी आधी सांगितलं होतं, तिने कोंबडीवर चार वाक्यं रचली, पहिली दोन तिच्या भाषेत आणि पुढची मराठीत.

संध्याकाळी आमच्यात चांगलाच वाद झाला. दादांचं म्हणणं, निरीक्षण तक्त्यात "प्रमाण भाषेचा वापर" असा रकाना आहे, परीक्षक तिथे गुण कापणार. मराठीच्या तासाला मराठीच हवी. ताई म्हणाली, मराठीकडे जायला त्या पोरांना पाय ठेवायला जागा कुठली? तिच्या स्वतःच्या घरी अहिराणी बोलतात, ती शाळेत गेली तेव्हा काय झालं ते तिने सांगितलं. मी तिच्या बाजूने होते आणि आहे. शेवटी दादांनीच मार्ग काढला: टाचणात "पूर्वज्ञान" या सदराखाली मुलांची घरची भाषा लिहायची आणि तिचा उपयोग कसा करणार ते आधीच नमूद करायचं, म्हणजे परीक्षकाला तो प्रमाद वाटणार नाही. मॅडमना हे पटलं. आदिवासी भागात पाठ घेणाऱ्यांनी हे जरूर करावं.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. मैत्रिणीच्या घरात खालचा मजला पूर्ण बुडाला. दोन दिवस तिचा फोन लागेना. माणसं सुखरूप होती, पण पाठाच्या वह्या, पुस्तकं, मूळ दाखले, सगळं चिखलात. ती पुढचे काही आठवडे बैठकीला येऊ शकली नाही आणि वर्ष सोडण्याच्या गोष्टी करायला लागली. आम्हाला पाठाच्या आधी टाचणाचा फोटो गटात टाकायची सवय होती, म्हणून तिची जवळजवळ सगळी टाचणं आणि भरलेले तक्ते आमच्या फोनमध्ये सापडले. चौघांनी वाटून घेऊन त्यांचे प्रिंट काढले आणि कुरिअरने पाठवले. कॉलेजने पुराचा पंचनामा आणि तिचा अर्ज घेऊन त्या प्रती ग्राह्य धरल्या. दाखल्यांच्या दुय्यम प्रती मिळायला मात्र पुढचं वर्ष उजाडलं. तेव्हा, मूळ कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये किंवा निदान ड्राइव्हवर स्कॅन करून ठेवा, आजच.

त्याच सुमारास गुगल मीटच्या मोफत बैठकींनाही तासाची मर्यादा आली, पण आम्ही झूमच्या चाळीस मिनिटांना सरावलेलो असल्यामुळे काही अडलं नाही.

४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा उघडल्या आणि इंटर्नशिप प्रत्यक्ष वर्गात सुरू झाली. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत काढायचे असतात. मला शाळा मिळाली गावापासून बरीच लांब, आणि दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिलपर्यंत चालला. रोज वडापने (खासगी प्रवासी गाडीने) जायचं, भाडं जवळपास दुप्पट, आणि गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. घरी यायला सात वाजायचे. बैठक रोजची बंद करून आठवड्यातून दोनदा ठेवली आणि तिचं रूपही बदललं: आता विद्यार्थी व्हायची गरज नव्हती, दिवसभर खरे विद्यार्थी भेटत होते. दीड वर्ष घरी बसलेली मुलं सलग चार ओळी वाचताना थकत होती. आठवीचं पुस्तक समोर आणि वाचन चौथीचं, अशा वर्गाला काय द्यायचं हाच प्रश्न पाचही गावांत होता. कराडच्या मुलीने गटवाचनाची जोड्या लावण्याची रीत करून पाहिली, मी ती दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात केली, तिसऱ्या दिवशी दादांनी. जे चाललं नाही तेही तसंच सांगायचो. एकाने करून पाहायचं आणि पाचांनी शिकायचं, हे पडद्यावरच्या ओळखीमुळेच शक्य झालं.

जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ तारखेपासून उघडल्या. मधले पाठ ऑनलाइन घेतले. या पाठांच्या नोंदींबद्दल सावध राहा. ऑनलाइन पाठाला वर्गशिक्षकांची सही कधी आणि कशी घ्यायची हे कुणी नीट सांगत नाही. आम्ही प्रत्येक पाठाचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून टाचणाच्या मागच्या पानावर चिकटवला आणि शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांची सही-शिक्का घेतला. ज्यांनी हे शेवटावर ठेवलं त्यांना बदली झालेल्या मुख्याध्यापकांना शोधत फिरावं लागलं.

अंतिम पाठ परीक्षा प्रत्यक्ष वर्गात झाली. बाहेरच्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलं, ऑनलाइन काय शिकलात? मी निरीक्षण तक्ता पुढे केला आणि थांबण्याचा तो रकाना दाखवला. त्यांनी तो उलटून पालटून पाहिला, दोन पाठांचे आकडे वाचले आणि चक्राबद्दल बरेच प्रश्न विचारले.

निकालानंतर पदवी प्रमाणपत्र यायला वेळ लागतो. तोवर अर्जांसाठी गुणपत्रिका आणि विद्यापीठाचं तात्पुरतं उत्तीर्ण प्रमाणपत्र चालतं, त्याचा अर्ज निकालाच्याच आठवड्यात करा. शहाद्याची ताई एका आश्रमशाळेत तासिका तत्त्वावर (घेतलेल्या तासांप्रमाणे मानधनावर) लागली आहे. आम्ही बाकीचे टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) दुसऱ्या पेपरची तयारी करतोय, बैठक दर रविवारी रात्री नऊला असते. ताई सोमवारच्या पाठाचं टाचण त्याआधी गटात टाकते आणि आम्ही त्यावर आपापले शेरे लिहून ठेवतो.